गाडी गिअर मागायली

प्रथम वर्षाच्या अंतर्गत चाचणीत आम्ही ‘प्रवासातील एक प्रसंग’ असा साधासा विषय दिला होता. लोहा तालुक्यातील एका विद्यार्थ्याने वडिलांच्या ॲपे रिक्षाविषयी लिहिले. बाजाराचा दिवस, मागे माणसे आणि पोती, समोर चढ. त्याचे एक वाक्य असे होते: ‘चढ लागला तशी गाडी गिअर मागायली होती, पण बापानं तिला तसंच ओढू दिलं.’ अर्ध्या चढावर इंजिन बसले आणि त्या हंगामाची कमाई दुरुस्तीत गेली, एवढीच हकिकत. आम्ही ‘मागायली होती’ या शब्दांखाली लाल रेघ ओढली, समासात ‘मागत होती’ असे प्रमाण रूप लिहिले आणि कौतुक म्हणून ‘चेतनगुणोक्ती, छान’ असा शेरा दिला. दहापैकी सहा गुण. उत्तरपत्रिका पाहून झाल्यावर तो म्हणाला, “सर, ते अलंकार नाही. गाडी खरंच मागती.”

तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. आज हा लेख लिहीत आहोत तो त्या हसण्याची लाज वाटते म्हणून.

लेखातील ‘आम्ही’ म्हणजे दोघेजण आहोत. एक नांदेडला मराठी शिकवतो, दुसरा लातूरला. विद्यापीठ एकच, अभ्यासक्रम एकच, आणि मधला दीडशे किलोमीटरांच्या आतला रस्ता दोघांच्याही पायाखालचा. यंत्रांविषयी दोघेही सारखेच अडाणी. गाडी बंद पडली की बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने आत पाहायचे, एवढेच आमचे यंत्रज्ञान. ते थोडेफार वाढले ते नांदेडच्या एका गॅरेजात येऊन पडलेल्या एका गाडीमुळे.

गोव्याहून हैदराबादकडे निघालेल्या एका हौशी माणसाची ती गाडी. फोक्सवॅगनची जुनी व्हॅन, गोल डोळ्यांची, दोन तुकड्यांच्या काचेची. आत झोपायला फळी, एक कपाट, स्टोव्हची जागा. अशा गाड्यांतून 1960 आणि 1970च्या दशकांत युरोपातले तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल करीत दिल्लीला आणि तेथून हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचत. 1979 साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता मिटला. हिप्पींविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांचा गांजा, केस आणि अध्यात्म यांवर लेखण्या झिजल्या. पंचवीस-तीस अश्वशक्तीचे ते इंजिन बिछान्यासह संसार घेऊन एवढे डोंगर कसे चढले, हा प्रश्न आमच्या वाचनात कोणी विचारलेला नाही. आम्हालाही तो सुचला नसता. सुचला तो गॅरेजच्या उस्तादांना.

उस्तादांचे आयुष्य तीनचाकी रिक्षांच्या दुरुस्तीत गेलेले. अशी गाडी त्यांनी पूर्वी पाहिलेली नव्हती. त्यांनी मागचे झाकण उघडले, टॉर्च मारला, पंख्याच्या पट्ट्याला बोट लावून पाहिले आणि म्हणाले, “हे तर आपलंच इंजिन हाय. फक्त चार तोंडांचं.” मग मालकाकडे वळून त्यांनी जे सांगितले ते आम्हाला तिथल्या तिथे वहीत टिपून घ्यावेसे वाटले: “ही गाडी ओढती, म्हणूनच फसवती. तुम्ही हिला वरच्या गिअरात चढावर नेलं असंल. तिनं नेलं बी असंल. पर आतून भाजून निघाली.”

हे वाक्य समजून घ्यायला आम्हाला काही आठवडे लागले. वाचकांनाही आमच्याबरोबर थोडे इंजिनात उतरावे लागेल. त्याशिवाय आमच्या म्हणण्याला आधार नाही.

ही व्हॅन 1950 साली जर्मनीत तयार होऊ लागली. बेन पॉन या डच विक्रेत्याने 1947 साली वहीच्या पानावर काढलेल्या एका चौकोनी रेखाटनातून तिचा जन्म झाला, असे मानतात. पहिल्या गाड्यांचे इंजिन 1131 घनसेंटिमीटरचे आणि ताकद 25 अश्वशक्ती. चार सिलिंडर आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. सगळे यंत्र मागच्या चाकांच्याही मागे. पाणी नाही, रेडिएटर नाही. इंजिनाच्याच फिरण्यावर पट्ट्याने चालणारा एक पंखा हवा ओढतो आणि पत्र्याच्या खोक्यातून सिलिंडरांवर सोडतो. बस, एवढेच थंडावण्याचे साधन.

आता ताकद आणि ओढ यांतला फरक. इंजिनाचा दांडा किती जोराने पिळला जातो ती ओढ. ती ओढ दर मिनिटाला किती फेऱ्यांनी मिळते त्यावर ताकद ठरते. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे लाल कंधारी जोडी पाहणारा माणूस ती किती पळते हे विचारत नाही. ओल्या रानात, भरल्या गाडीला ती मान खाली घालून किती ओढते, हे पाहतो. शंकरपटाचा बैल निराळा, ओढकामाचा बैल निराळा. अश्वशक्ती हा शब्द आपण भाषांतर करून आणला. ‘ओढ’ आपल्याकडे होतीच.

या फोक्सवॅगनची घडण ओढकामाच्या बैलाची आहे. त्या पहिल्या इंजिनाची सर्वाधिक ओढ दर मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास मिळते आणि सर्वाधिक ताकद 3300 फेऱ्यांपाशी. म्हणजे हळू फिरतानाच ते सर्वांत जोराने ओढते. छोटा कार्ब्युरेटर, अरुंद वाटा, कमी दाब. त्याला फार पळायचे नाहीच. शिवाय 1967 पर्यंतच्या व्हॅनमध्ये मागच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांपाशी आणखी एकेक दंतचक्रांची जोडी असे. युद्धकाळातल्या लष्करी गाडीवरून ती उचललेली. तिच्यामुळे वेग घटे आणि चाकापाशी ओढ वाढे. गाडीचे पोटही जमिनीपासून उंच राही. पुढे 1600 घनसेंटिमीटरचे मोठे इंजिन आले तेव्हा ही जोडी काढून टाकली. जुन्या व्हॅनच्या मालकांमध्ये या दोन प्रकारांवरून भांडणे होतात. आमच्याकडे मर्ढेकर मोठे की मुक्तिबोध मोठे यावर होतात, तशीच. निकाल लागत नाही आणि कोणाचे काही बिघडतही नाही.

इथपर्यंत सगळे गोड आहे. हळू फिरूनही ओढणारे इंजिन म्हणजे चालकाचे सुख. सारखा गिअर बदलावा लागत नाही. पण उस्तादांचे ‘म्हणूनच फसवती’ इथेच लागू होते. पंखा इंजिनाला बांधलेला आहे. इंजिनाचे फेरे निम्मे झाले की पंख्याचेही निम्मेच होतात. चढावर वरच्या गिअरात गाडी रेटली तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात जास्तीत जास्त इंधन जळणार, जास्तीत जास्त उष्णता निघणार. आणि नेमका त्याच वेळी पंखा मंद. ओढ असल्यामुळे गाडी थांबत नाही, कुरकुरत का होईना चढत राहते. चालकाला वाटते, जमते आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला निदान काही लिटर पाण्याची शिल्लक असते, ती तापायला वेळ लागतो. इथे शिल्लकच नाही. खालचा गिअर टाकला की आवाज वाढतो, डिझेल-पेट्रोलची काळजी वाटते, मागचे प्रवासी ‘एवढं रेस कशाला?’ म्हणतात, पण इंजिनाला वारा मिळतो आणि प्रत्येक फेऱ्यावरचा भार हलका होतो. जे ऐकायला कष्टाचे वाटते ते सुखाचे असते आणि जे शांत वाटते ते घातक असते. कानाला मिळणारी पहिली साक्ष येथे उलटी आहे. कान तयार करावा लागतो तो यासाठी.

या इंजिनांत तिसऱ्या क्रमांकाचा सिलिंडर आधी जातो, अशी जुन्या मालकांची तक्रार असे. तेल थंड करणारा भाग पंख्याच्या खोक्यातच बसवलेला होता आणि त्याच्यावरून गरम होऊन आलेला वारा त्या सिलिंडरच्या वाट्याला येई. 1971च्या सुमारास तो भाग बाजूला सरकवून स्वतंत्र वाट करून दिली. एकाने दुसऱ्याचा उष्टा वारा घ्यावा लागणे, ही गोष्ट उस्तादांना सांगताच ते मिश्कील हसले आणि म्हणाले, “शेवटच्या बाकावर कोन बसतंय त्याचं असंच असतंय, सर.”

आता आमच्या विषयाकडे येतो. त्या काळच्या फोक्सवॅगनच्या वेगदर्शक तबकडीवर लहान खुणा असत: पहिला गिअर येथपर्यंत, दुसरा येथपर्यंत, तिसरा येथपर्यंत. म्हणजे कोणत्या वेगाच्या वर कोणता गिअर ताणू नये हे कारखान्याने लिहून ठेवले होते. पण कोणत्या वेगाच्या खाली, किती ओझे असताना, कोणत्या चढावर गिअर कष्टी होतो, हे तबकडीवर नव्हते. ते असू शकतच नव्हते. चढ निराळा, वारा निराळा, मागची पोती निराळी. फेरे मोजणारे यंत्र त्या व्हॅनमध्ये नव्हते, आमच्याकडच्या ॲपेत आणि ऑटोतही नव्हते. वरची मर्यादा आकड्यांत होती, खालची मर्यादा फक्त कानात आणि तळपायात होती. जे कानात असते ते एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवायचे तर भाषाच लागते.

ती भाषा आमच्या आजूबाजूला होती. चालक आणि मिस्त्री यांच्याशी बोलून आम्ही जी क्रियापदे टिपली ती पाहा. गाडी कन्हायली, म्हणजे ओझे फेऱ्यांच्या मानाने जड झाले, अजून धोका नाही. गाडी खटखटायली, म्हणजे आता ऐका, इंधन अवेळी पेटते आहे. गाडी गिअर मागायली, म्हणजे या दोहोंच्या मधली ती घटका, जेव्हा खालचा गिअर सहज पडेल आणि चढाचा जोरही हातचा जाणार नाही. गाडी उचलंना, म्हणजे ती घटका टळली. आणि गिअर टाकल्यावर गाडी मोकळी झाली. हे शब्द ढोबळ नाहीत. प्रत्येकाला आपली जागा आहे, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ‘मागायली’ आणि ‘उचलंना’ यांत काही क्षणांचे अंतर असेल, पण त्या अंतरात एका घराचा हंगाम बुडू शकतो. आमच्या विद्यार्थ्याचे वाक्य हे त्या अंतराचे वर्णन होते. ‘गाडी मागायली होती, पण बापानं तिला तसंच ओढू दिलं’ यात बापाची चूक, तिचे कारण आणि तिचा क्षण तिन्ही आहेत. आम्ही त्यात अलंकार पाहिला.

व्याकरणाच्या अंगानेही आमची लाल रेघ फसली होती. ‘मागायली’ हे नांदेड-लातूरकडचे चालू काळाचे रूप ‘मागत आहे’ याच्या जागी बसते, हे खरे. पण आमच्या कानाला त्यात क्रिया सुरू झाल्याची आणि रेटत राहिल्याची एक छटा ऐकू येते. ‘मागत होती’मध्ये ती फिकी पडते. हे आमचे मत आहे, भाषाशास्त्राचा निष्कर्ष नव्हे. पण समासात शेरा मारताना आम्ही एवढा विचारही केला नव्हता.

टॉर्कला मराठीत काय म्हणावे? पाठ्यपुस्तकांत आणि कोशांत परिबल, आघूर्ण अशी नावे भेटतात. पदार्थविज्ञानाला काटेकोर संज्ञा लागते. ‘ओढ’ हा शब्द त्या कामाला पुरा पडणार नाही. चालक ओढ हा शब्द कधी पिळाच्या जोराला वापरतात, कधी एकंदर ताकदीला, कधी नुसत्या उत्साहाला. तेव्हा परिभाषा तयार करणाऱ्यांची टवाळी करणे हा सोपा आणि अन्याय्य खेळ आम्हाला खेळायचा नाही. आमची तक्रार दुसरी आहे. परिबल हा शब्द वर्गात शिरला तेव्हा ओढ बाहेर उभी राहिली, आणि दोघांची गाठ घालून देणे हे ज्यांचे काम, त्या आम्ही मराठीच्या शिक्षकांनी दार उघडले नाही. आम्ही ‘ओढ’ फक्त भावगीतापुरती ठेवली. मनाची ओढ, मातीची ओढ. मराठवाड्यात तर पावसानेही ‘ओढ दिली’ म्हणतात आणि त्याने पोटात गोळा येतो. ओढाताण, ओढगस्त हे त्याच घरातले. एवढ्या गोतावळ्याच्या शब्दाचा यंत्रातला अर्थ आमच्या पदव्युत्तर वर्गात कोणाला ठाऊक नव्हता. त्यांतल्या निम्म्या मुलांच्या घरी काहीतरी डिझेलवर चालते.

परदेशी शब्दांचेही तसेच. ‘टेंपो’ हा शब्द घ्या. हँबर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचे ते नाव. तिच्या सहकार्याने 1958 साली बजाज टेंपो ही कंपनी निघाली, तिची तीनचाकी मालगाडी रस्त्यावर आली आणि मराठीने ते विशेषनाम सामान्यनाम करून टाकले. 2005 साली कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केले. आपण अजूनही टेंपोच म्हणतो, मग तो कोणत्याही कारखान्याचा असो. मॅटाडोरही तेथूनच आली. वऱ्हाडाची मॅटाडोर ज्यांनी पाहिली नाही असा पन्नाशीकडे झुकलेला मराठवाडी माणूस विरळा. आपल्याकडची मॅटाडोर पाण्यावर थंड होणारी होती आणि 1980च्या दशकात तिला मर्सिडीझचे डिझेल इंजिन मिळाले. पण तिची हँबर्गची थोरली बहीण, 1949 सालची पहिली मॅटाडोर, हिला फोक्सवॅगनचेच वाऱ्यावर थंड होणारे 25 अश्वशक्तीचे इंजिन होते. फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन काढली आणि काही काळाने ते इंजिन देणे थांबवले. उस्तादांनी ‘हे तर आपलंच’ म्हटले ते वंशावळीच्या दृष्टीनेही अगदीच चूक नव्हते. शब्दांच्या व्युत्पत्तीत रमणाऱ्या आम्हाला ही व्युत्पत्ती कोणत्याही मराठी कोशाने सांगितली नव्हती.

यंत्राविषयीचे गद्य हे साहित्याच्या अंगणातले नव्हे, असा एक समज आमच्या विद्याशाखेत मुरलेला आहे. मर्ढेकरांच्या कवितेतले यंत्रयुग आम्ही दरवर्षी शिकवतो. यंत्र तेथे माणसाला पिंजणारे, परके, थंड असे येते, आणि त्या काळी त्या कवीला ते तसे दिसले यात वावगे काही नाही. पण वर्गात हेच एक चित्र उरते. गॅरेजात हात काळे करून आलेल्या मुलाला आपण सांगतो की यंत्र म्हणजे अमानुषता. त्याच्या घरी तर यंत्र आजारी पडते, रुसते, मागते आणि त्याच्यावर घर चालते. तो मनात काय म्हणत असेल?

मराठीत पूर्वी असे नव्हते. किर्लोस्करवाडीहून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले ते नांगर आणि यंत्रे तयार करणाऱ्या कारखान्याचे मासिक म्हणून. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ झाले आणि मराठी कथेच्या व वैचारिक लेखनाच्या इतिहासात त्याला वगळून चालत नाही. नांगराची आणि कथेची छपाई एकाच छत्राखाली झाली, याची कोणाला लाज वाटली नाही. ती वाट नंतर का बुजली हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. एखाद्या विद्यार्थ्याने तो घ्यावा, आम्ही मार्गदर्शन करण्यापेक्षा शिकायला बसू.

बाहेरचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. जॉन म्यूर नावाच्या अमेरिकी अभियंत्याने विमान-उद्योगातली वाट सोडून 1969 साली फोक्सवॅगनच्या दुरुस्तीचे एक पुस्तक काढले. ज्याला पान्हा कसा धरावा हेही माहीत नाही अशा माणसासाठी ते लिहिलेले आहे. पीटर ॲशवांडनची चित्रे, मित्राशी बोलावे तशी भाषा, आणि गाडी आपल्याशी सतत बोलत असते, ते ऐका, असा आग्रह. लाखो लोकांनी ते वाचले; ज्यांच्याकडे ती गाडी नव्हती अशांनीही. रॉबर्ट पर्सिग यांची मोटरसायकलवरची कादंबरी 1974 साली आली. तिचे तत्त्वज्ञान आमच्याकडचे समीक्षक आवडीने सांगतात. म्यूरच्या पुस्तकाचे नाव मात्र आम्हाला उस्तादांच्या गॅरेजात, त्या व्हॅनच्या कपाटात, तेलाचे डाग पडलेल्या पानांवर भेटले. आमच्या मते गद्य म्हणून ते कमी प्रतीचे नाही. समोरच्याला एखादी गोष्ट जमली पाहिजे, नाहीतर त्याचे बोट तुटेल किंवा इंजिन जाईल, या जबाबदारीने लिहिलेले वाक्य कसे असते, हे तेथे दिसते. ललित निबंधात एवढी जबाबदारी क्वचितच असते.

कोणी म्हणेल, हे सगळे गोंडस करून सांगणे झाले. गॅरेजातल्या मुलाला त्याची बोली कौतुकाने परत देऊन त्याचे काय भले? त्याला नोकरी लागते ती प्रमाणभाषेवर. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. आमच्या दोघांच्याही नोकऱ्या त्याच प्रमाणभाषेवर आहेत. ‘मागत होती’ हे रूप त्याला आलेच पाहिजे, ते शिकवण्याचा पगार आम्ही घेतो. पण आमच्या शेऱ्याने त्याला ते रूप शिकवले नाही. त्याला एवढेच कळले की त्याच्या बापाच्या रिक्षाविषयी त्याला जे ठाऊक आहे ते ज्ञान नसून शोभा आहे. यापुढे तो शोभेपुरतेच लिहील, किंवा लिहिणारच नाही. आम्ही पाहिलेल्या पुष्कळ हुशार मुलांचे असेच झाले आहे. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांचे निबंध निर्दोष होतात आणि त्यांत काहीच उरत नाही.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. वाऱ्यावर थंड होणारी ही इंजिने मावळत चालली आहेत. युरोपात फोक्सवॅगनच्या व्हॅनला 1980च्या दशकाच्या आरंभीच पाण्याचे इंजिन आले. ब्राझीलमध्ये जुने इंजिन 2005 पर्यंत आणि जुन्या घडणीची व्हॅन 2013 पर्यंत टिकली. आपल्याकडे 2020 पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि विजेच्या रिक्षा गल्लोगल्ली फिरू लागल्या. त्यांचे आम्हाला वाईट वाटत नाही. धूर आणि आवाज कमी झाला हे बरेच झाले. विजेच्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासूनच पूर्ण ओढ मिळते, बहुतेक रिक्षांना गिअरच नसतो. चढावर ती काही मागत नाही. म्हणजे ‘मागायली’ या शब्दाचे काम संपत आले आहे. मोट गेली तेव्हा मोटेबरोबर नाडा, सोंदूर, धाव हे शब्द गेले आणि नंतर आम्ही त्यांचे कोश केले, परिशिष्टे जोडली. गिअरचे शब्द अजून बोलणाऱ्यांच्या तोंडी आहेत. ते ज्यांच्या घरी आहेत ती मुले आज आमच्या समोरच्या बाकांवर बसली आहेत. त्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात आणि आम्ही त्यांना दरवर्षी तेच ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील ग्रामजीवन’ देतो.

यंदा लातूरच्या वर्गात आम्ही एक बदल केला. प्रकल्पाच्या यादीत ‘आमच्या घरच्या यंत्राची भाषा’ असा विषय घातला. अट एकच: शब्द नुसता द्यायचा नाही, तो यंत्राच्या नेमक्या कोणत्या स्थितीला लावतात ते असे लिहायचे की न पाहिलेल्याला ओळखता यावे. पहिले मसुदे आले ते निराशाजनक होते. मुलांनी यंत्राचे ऋण, यंत्राची महती असले काही लिहून आणले. आम्ही इतकी वर्षे जे शिकवले तेच परत आले. एका मुलीचा मसुदा मात्र वेगळा होता. तिच्या घरी आयशरचा वाऱ्यावर थंड होणारा ट्रॅक्टर आहे. नांगरट करताना कोणत्या आवाजाला आजोबा ‘दमली’ म्हणतात आणि कोणत्या आवाजाला ‘चिडली’, यावर तिने दीड पान लिहिले होते. दमलीला थांबवायचे, चिडलीला गिअर बदलायचा. व्याकरणाच्या चुका सात. आम्ही पेन्सिलीने लिहिल्या.

व्हॅन दोन आठवड्यांनी गॅरेजातून निघाली. उस्तादांनी तिच्या दोन झडपा बदलल्या होत्या, पंख्याचा पट्टा ताणला होता. मालकाला त्यांनी शेवटची सूचना दिली ती अशी: चढ दिसला की चढाच्या आधी गिअर टाका, चढात नाही. जुन्या खोक्यात पहिला गिअर गाडी जवळजवळ थांबल्याशिवाय पडत नाही, तेव्हा घाटाच्या पायथ्याशीच ठरवा. मालकाने विचारले, “पण ठरवायचं कसं? इथे मीटर तर नाही.” उस्ताद काही बोलले नाहीत. ते गाडीत शेजारी बसले आणि लोह्याच्या रस्त्याने दोघे जाऊन आले. परत आल्यावर मालकाने आम्हाला मराठीत, गोव्याच्या हेलात, सांगितले की त्याला आता ऐकू येते.

त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका अजून विभागाच्या कपाटात आहे. गुण बदलण्याची मुदत केव्हाच टळली. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि मराठी त्याने सोडले आहे.